पाच गळे कुठेही बुडाले नव्हते

'द टेम्प्टेशन्स' या डेट्रॉइटच्या गायकगटाबद्दल जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांमध्ये एक मत इतकं घट्ट बसलंय की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटतच नाही. १९६४ ते १९६८ हा या गटाचा सुवर्णकाळ, 'माय गर्ल'चा आणि डेव्हिड रफिनच्या विनवणाऱ्या, खरखरीत आवाजाचा. १९६८च्या जूनमध्ये रफिनला गटातून काढलं, निर्माता नॉर्मन व्हिटफिल्डने उरलेल्यांच्या अंगावर हिप्पींचे कपडे चढवले, आणि पुढची चार-पाच वर्षं गिटारींच्या कल्लोळात पाच उत्तम गळे बुडून गेले, असं हे मत सांगतं. त्यातून निघणारा सल्लाही ठरलेला असतो. गाजलेल्या गाण्यांचा एखादा निवडक संच घ्या, सायकेडेलिक काळातली तीन-चार गाणी त्यात येतातच. १९७०चा 'सायकेडेलिक शॅक' हा अल्बम समोर आला तर मुखपृष्ठ बघून परत खोक्यात ठेवा.

हे मत चुकीचं आहे, आणि ते पाचही जणांवर अन्याय करणारं आहे. ज्या कामात हे पाच गायक खऱ्या अर्थाने एकत्र गायले, तेच काम त्यांचा ऱ्हास म्हणून दाखवलं जातं. म्हणून हा प्रतिवाद.

सुरुवात पैशाच्या आरोपापासून करू, कारण तो सर्वांत सहज केला जातो. रॉकच्या नव्या लाटेत विक्री दिसली म्हणून मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने आपला गट तिकडे वळवला, असं म्हणतात. पण १९६८च्या अखेरीस मोटाउनचा पैसा नेमका कुठे दिसत होता? कंपनीचा संस्थापक बेरी गॉर्डी याला आपले गायक न्यूयॉर्कच्या आणि लास वेगासच्या महागड्या नाइट क्लबांत उभे करायचे होते. टेम्प्टेशन्सनी १९६७ साली 'इन अ मेलो मूड' हा जुन्या ब्रॉडवे वळणाच्या गाण्यांचा अल्बम काढला तो त्याच वाटेवर. १९६८च्या हिवाळ्यात ते टक्सिडो घालून न्यूयॉर्कच्या 'कोपाकबाना' क्लबात गात होते आणि तिथलं ध्वनिमुद्रण 'लाइव्ह अ‍ॅट द कोपा' म्हणून बाजारात आलं. सुप्रीम्सबरोबरचा जोडअल्बम आणि 'टीसीबी' हा दूरचित्रवाणीवरचा विशेष कार्यक्रमही त्याच मोसमातले. गोऱ्या मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात नेणारी, सुरक्षित पैशाची वाट ही होती, आणि ती टेम्प्टेशन्सना आधीच खुली झालेली होती. त्याच काळात 'क्लाउड नाइन' हे गाणं आलं. गरिबीत वाढलेला, घरात आणि बाहेर दोन्हीकडे मार खाल्लेला माणूस त्यात स्वतः बोलतो. गाणं अमली पदार्थांबद्दल आहे का, ही शंका खुद्द गॉर्डीला आली होती. कोपाकबानातल्या पाहुण्यांना खूश ठेवणाऱ्या कंपनीने पैशाच्या लोभाने असं गाणं निवडलं, हे मला पटत नाही. पुढे त्याच गाण्याने मोटाउनला पहिलं ग्रॅमी मिळवून दिलं, हे खरं. पण यश मागाहून आलं म्हणून हेतूही तोच होता, असा तर्क उलट्या दिशेने चालवता येत नाही.

नकलेचा आरोप याहून गंभीर आहे. व्हिटफिल्डने स्लाय अँड द फॅमिली स्टोनची नक्कल केली, असं म्हटलं जातं. ऋण आहे, आणि ते कुणी लपवलेलंही नाही. गटातल्या ओटिस विल्यम्सनेच व्हिटफिल्डचं लक्ष स्लायच्या 'डान्स टू द म्युझिक'कडे वेधलं होतं. व्हिटफिल्डने आधी ते चार दिवसांचं खूळ म्हणून उडवून लावलं आणि मग स्वतःच 'क्लाउड नाइन' घेऊन आला. ओटिसने आपल्या आत्मचरित्रात हे मोकळेपणाने सांगितलंय. प्रश्न आहे तो उचललेल्या गोष्टीचं पुढे काय केलं, हा.

स्लायचा तो वाद्यवृंद होता. बायका, पुरुष, काळे, गोरे, सगळे आपापली वाद्यं वाजवत आणि मध्येच माइक हाती घेत. टेम्प्टेशन्स हे गॉस्पेल आणि डू-वॉपच्या तालमीतून आलेले गायक होते. गॉस्पेलच्या चौकड्यांमध्ये दोन मुख्य गायकांनी एकमेकांकडून ओळ हिसकावून घेत श्रोत्यांना पेटवण्याची रीत स्लायच्या जन्माआधीपासून होती. डू-वॉपमध्ये खर्जातला गायक मध्येच येऊन दोन शब्द टाकतो, तीही जुनीच गंमत. म्हणजे ओळी वाटून गाणं हे त्यांच्या स्वतःच्या घरातलं धन होतं. मोटाउनच्या तीन मिनिटांच्या प्रेमगीतात त्याला जागा नव्हती. स्लायच्या रेकॉर्डने व्हिटफिल्डला ती जागा दाखवली.

सायकेडेलिक रंग सॅन फ्रान्सिस्कोहून उसना आणला, हेही अर्धवट सत्य आहे. 'क्लाउड नाइन'मधली वा-वा गिटार वाजवणारा डेनिस कॉफी हा डेट्रॉइटच्याच क्लबांत वाजवणारा माणूस. जॉर्ज क्लिंटन तेव्हा डेट्रॉइटमध्येच होता, मोटाउनसाठी गाणी लिहून झाली होती, आणि तिथूनच तो फंकाडेलिक या आपल्या गटाकडे निघाला होता. एमसी५ आणि स्टूजेस हे रॉक गटही त्याच परिसरातले. आणि शहर तरी कुठलं होतं ते पाहा. २३ जुलै १९६७च्या पहाटे पोलिसांनी ट्वेल्फ्थ स्ट्रीटवरच्या एका विनापरवाना दारूच्या अड्ड्यावर छापा घातला आणि पाच दिवस डेट्रॉइट जळत राहिलं. ४३ माणसं मेली. रस्त्यांवर लष्कर उतरलं. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचा मोटाउनचा स्टुडिओ या शहरात होता, वादकांची घरं या शहरात होती. तिथल्या संगीताचा आवाज त्यानंतर बदलला, यासाठी कॅलिफोर्नियाकडे बोट दाखवायची गरज नाही.

कालक्रमही पाहायला हवा. आयझॅक हेजचा लांब पल्ल्याच्या गाण्यांचा 'हॉट बटर्ड सोल' १९६९च्या उन्हाळ्यातला. मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' १९७१चा. टेम्प्टेशन्सचं 'रनअवे चाइल्ड, रनिंग वाइल्ड' नऊ मिनिटांहून मोठं आहे आणि ते १९६९च्या फेब्रुवारीत आलेल्या 'क्लाउड नाइन' अल्बमच्या पहिल्या बाजूवर आहे. घरातून पळालेलं पोर मोठ्या शहरात वाट चुकतं, भुकेलं होतं, घाबरतं, एवढीच गोष्ट. सोल संगीताचा अल्बम म्हणजे दोन गाजलेली गाणी आणि बाकी भरताड, ही समजूत मोडण्याचं श्रेय गे आणि हेज यांना नेहमी मिळतं. व्हिटफिल्ड आणि त्याचा गीतकार साथीदार बॅरेट स्ट्राँग यांचं नाव तिथे येत नाही. ज्यांना नक्कलखोर म्हटलं जातं, ते प्रत्यक्षात रांगेत पुढे उभे होते.

आता मूळ मुद्दा, बुडालेल्या आवाजांचा.

तथाकथित सुवर्णकाळाची घडण आठवा. एक मुख्य गायक पुढे, आणि चार जण मागे, एकाच माइकभोवती, ओळीच्या शेवटाला उत्तर देणारे. पुढे असायचा तो बहुतेक वेळा रफिन, नाहीतर एडी केंड्रिक्स. पॉल विल्यम्स हा मूळ गटाचा कणा, सुरुवातीचं नृत्य बसवणारा, भरदार बॅरिटोन. त्याच्या वाट्याला 'डोन्ट लुक बॅक'सारखं एखादं गाणं आलं, तेही एका सिंगलच्या मागच्या बाजूला. मेल्विन फ्रँकलिनचा खर्ज हे गटाचं ओळखचिन्ह, पण मुख्य गायक म्हणून तो क्वचितच ऐकू यायचा. ओटिस विल्यम्स तर जवळजवळ नाहीच. पाचांतले तीन गळे कायम मागच्या रांगेत. आवाज बुडवल्याची तक्रार करायचीच असेल तर ती या काळाबद्दल करायला हवी होती. पुढचा आवाज रफिनचा होता आणि तो अलौकिक होता, म्हणून मागच्या तिघांची आठवण कुणाला झाली नाही.

'सायकेडेलिक शॅक'चं शीर्षकगीत लावा. पावलांचा आवाज, दारावर थाप, कुणीतरी आत येतं आणि एका रेकॉर्डवर सुई ठेवतं. ती रेकॉर्ड वाजू लागते, आणि ती असते 'आय कान्ट गेट नेक्स्ट टू यू', याच गटाचं, काही महिन्यांपूर्वी, १९६९च्या ऑक्टोबरात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं. मग खोलीचा माहोल बदलतो आणि नवं गाणं उसळतं. रफिनच्या जागी आलेला डेनिस एडवर्ड्स गॉस्पेलच्या खरबरीत गळ्याने ओळ उचलतो, ती पूर्ण व्हायच्या आत केंड्रिक्सचा फॉल्सेटो वरून येतो, मेल्विन तळाशी दोन शब्द ठेवतो, पॉल मध्ये शिरतो, ओटिस जोडून घेतो. कुणीही एक माणूस या गाण्याचा मालक नाही. हे ऐकताना मला गावच्या चावडीवरचा वाद आठवतो. प्रत्येकाचा आवाज ओळखीचा, प्रत्येकाला बोलायची घाई, आणि तरी सगळे मिळून एकच गोष्ट सांगतायत. प्रत्येक गळ्याची जात कळल्याशिवाय ही वाटणी करता येत नाही. कुठला शब्द खर्जाला द्यायचा, कुठला फॉल्सेटोला, हे व्हिटफिल्डने ज्या नेमकेपणाने ठरवलंय, त्याला मी गायकांवरचं प्रेम म्हणतो. गायक बुडवणारा निर्माता इतक्या बारकाईने ऐकत नाही.

व्हिटफिल्डला कुठलाही गायक चालायचा, गाणं एक आणि तोंडं अनेक, हा त्याच्यावरचा जुना ठपका. एकच गाणं तो वेगवेगळ्या गायकांकडून करून घेई, हे खरं. पण त्यातून काय सिद्ध होतं ते पाहा. 'पापा वॉज अ रोलिंग स्टोन' आधी अनडिस्प्यूटेड ट्रूथ या गटाने १९७२ साली गायलं, सिंगल म्हणून आलं, थोडंफार वाजलं आणि विसरलं गेलं. तेच गाणं टेम्प्टेशन्सनी 'ऑल डायरेक्शन्स' अल्बमवर पावणेबारा मिनिटांत गायलं. जवळजवळ चार मिनिटं नुसती वाद्यं चालतात, आणि मग भावंडांनी आईला विचारावं तसे एकेक आवाज बापाबद्दल विचारू लागतात. त्याची सिंगल डिसेंबर १९७२मध्ये पहिल्या क्रमांकावर गेली आणि गाण्याला तीन ग्रॅमी मिळाले. निर्माता तोच, शब्द तेच. फरक गळ्यांचा होता, आणि त्या गळ्यांना दिलेल्या अवकाशाचा.

हा ठपका जिथे खरा ठरतो ती जागाही आहे, आणि ती दाखवायला मला संकोच नाही. १९७३च्या 'मास्टरपीस'चं शीर्षकगीत चौदा मिनिटांच्या जवळ जातं आणि त्यात गायकांच्या वाट्याला फार थोडा वेळ येतो. गायक चिडले, आणि ते चिडणं रास्त होतं. त्याच साली आलेल्या '१९९०' या अल्बमनंतर व्हिटफिल्डचं आणि गटाचं नातं तुटलं. तोवर केंड्रिक्स बाहेर पडला होता. पॉल विल्यम्स आजारपणामुळे आणि दारूमुळे १९७१मध्येच गटाबाहेर गेला होता आणि ऑगस्ट १९७३मध्ये डेट्रॉइटमध्ये त्याचा अंत झाला. 'मास्टरपीस'मध्ये गायक पाहुण्यांसारखे वाटतात, हे मान्य. पण तो निकाल तीन वर्षं मागे नेऊन 'सायकेडेलिक शॅक'वर चिकटवणं हा आळस आहे. दोन्ही रेकॉर्डी ऐकणारा माणूस ही गल्लत करणार नाही.

समाजाबद्दलची गाणी फॅशन म्हणून केली, या आरोपाला 'सायकेडेलिक शॅक'च्या दुसऱ्या बाजूवर उत्तर आहे. तिथे 'वॉर' आहे. जगाला हे गाणं एडविन स्टारचं म्हणून माहीत आहे, कारण १९७०च्या उन्हाळ्यात त्याची सिंगल तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. पण ते आधी टेम्प्टेशन्सनी गायलं. त्यांचा अल्बम मार्च १९७०चा आहे. अमेरिकी फौजा कंबोडियात शिरल्या त्या त्यानंतर, आणि ओहायोच्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले ते ४ मे रोजी. 'वॉर'ची सिंगल काढा म्हणून श्रोत्यांची, विशेषतः विद्यार्थ्यांची, मागणी येत होती. मोटाउनने टेम्प्टेशन्सची आवृत्ती सिंगल म्हणून काढायचं नाकारलं, त्यांचा जपलेला श्रोता दुखावला जाईल म्हणून. गाणं स्टारकडे गेलं. फॅशनसाठी केलेल्या गाण्याला कंपनी घाबरत नाही.

स्टारची आवृत्ती जबरदस्त आहे, ती आरोळी आहे. टेम्प्टेशन्सची वेगळ्या कारणाने बोचते. तिच्यात ओरड कमी आहे. मेल्विनचा खर्ज मागे कवायतीचे आकडे मोजत राहतो, भावनेचा लवलेश नसलेला, हवालदाराचा आवाज. त्याच्यावर पॉल विल्यम्स आणि डेनिस एडवर्ड्स गातात. पॉलच्या आवाजातला थकवा तिथे फार कामाला येतो. ऐकणाऱ्याला दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात, युद्धावर पाठवणारा आणि पाठवला जाणारा. एकट्या गायकाला हे साधता येणार नाही, त्याला गट लागतो. निवडक गाण्यांच्या संचांवर विसंबून राहिलात तर ही आवृत्ती तुमच्या कानी पडण्याची शक्यता फारच थोडी, कारण ती टेम्प्टेशन्सची सिंगल कधी झालीच नाही.

इथेच रेकॉर्डचा, म्हणजे त्या बारा इंची तबकडीचा मुद्दा येतो. हा अल्बम एलपी म्हणून रचलेला आहे. 'क्लाउड नाइन'मध्ये व्हिटफिल्डला एकच बाजू मोकळी मिळाली होती. मागच्या बाजूला जुन्या पठडीतली सात प्रेमगीतं होती. 'पझल पीपल'मध्ये 'हे ज्यूड'सारखी इतरांची गाणी भरलेली होती. 'सायकेडेलिक शॅक'वर आठ गाणी आहेत आणि आठही व्हिटफिल्ड-स्ट्राँग जोडीची. पहिली बाजू एका अखंड रात्रीसारखी सरकते. दारावरची थाप, मग 'यू मेक युअर ओन हेवन अँड हेल राइट हिअर ऑन अर्थ', मग 'हम अलाँग अँड डान्स', ज्यात शब्द जवळपास नाहीतच आणि तरीही पाचही जण ओळखू येतात, आणि शेवटी साडेआठ मिनिटांच्या आसपासचं, संथ, आत आत जाणारं 'टेक अ स्ट्रोल थ्रू युअर माइंड'. बाजू पालटली की 'इट्स समर' हे अल्बमवरचं एकमेव हळुवार गाणं, आणि त्याच्या पाठोपाठ 'वॉर'. या शेजाराचा धक्का गाणी सुटी केली की नाहीसा होतो. स्टीरिओत आवाज डाव्या स्पीकरकडून उजव्याकडे फिरतात, आणि कोण कुठे उभा आहे हे त्यावरून कळतं. फोनच्या एका छोट्या स्पीकरवर पाचही जण एका ठिपक्यात गोळा होतात, आणि मग कुणी म्हणतं की आवाज बुडालेत.

सुईचा आवाज तर रेकॉर्डवरच अर्थपूर्ण ठरतो. तुम्ही सुई ठेवता, आणि पहिल्या मिनिटाच्या आत आणखी कुणीतरी दुसऱ्या रेकॉर्डवर सुई ठेवतो. कालचं गाजलेलं गाणं त्या खोलीतल्या पार्श्वसंगीतात जाऊन बसतं आणि गट पुढे निघतो. आपल्याच पहिल्या क्रमांकाच्या गाण्याला अशी वागणूक देणाऱ्या लोकांना बाजाराचे गुलाम म्हणणं कठीण आहे.

सगळाच अल्बम निर्दोष आहे असा माझा दावा नाही. 'फ्रेंडशिप ट्रेन' ग्लॅडिस नाइट अँड द पिप्सनी आधी गायलं होतं, आणि माझ्या कानाला त्यांचंच अधिक रुचतं. 'यू नीड लव्ह लाइक आय डू' चांगलं आहे, पण 'वॉर'नंतर ते हलकं पडतं. दुसऱ्या बाजूचा शेवट पहिल्या बाजूइतका घट्ट नाही. हे दोष रचनेचे आणि निवडीचे आहेत. त्यांचा गायकांच्या गळचेपीशी काडीचा संबंध नाही.

रफिनवर प्रेम करणाऱ्यांशी माझं भांडण नाही. तो आवाज पुन्हा झाला नाही. पण रफिन गेल्याचं दुःख डेनिस एडवर्ड्सवर, पॉल विल्यम्सवर आणि मेल्विन फ्रँकलिनवर काढायचं कारण नाही. एकाच्या मागे चौघे उभे राहण्याऐवजी पाचही जण पुढे आले, त्या दोन-तीन वर्षांना ऱ्हास म्हणू नका. जांभळ्या गॉर्डी लेबलची जुनी प्रत मिळाली तर उत्तम, नाहीतर नंतरची एखादी आवृत्ती घ्या. दोन स्पीकर नीट अंतरावर ठेवा, पहिली बाजू मध्ये न उठता संपवा, मग दुसरी लावा आणि 'वॉर'मध्ये पॉल विल्यम्स काय करतो ते ऐका. त्यानंतरही टेम्प्टेशन्स १९६८मध्येच संपले असं वाटलं, तर तसं जरूर म्हणा. पण आधी ऐका.